पाणी दिलं, विचारलं नाही

१ फेब्रुवारी, शनिवार

आले बाई एकदाची! राजधानीत, आक्रात, स्वतःच्या दारात, स्वतःची किल्ली हातात घेऊन. सामानाचा ट्रक दुपारी पोचला. त्यात माझी गादी, फ्रीज, कपड्यांची खोकी आणि आईने जबरदस्तीने चढवलेलं, उकडलेले कंद कुटून फुफू करायचं उखळ. मी तिला म्हटलं होतं, की आक्रातल्या गुळगुळीत फरशीवर धाडधाड कुटायला लागले तर शेजारी पोलिसांना बोलावतील. तर म्हणते कशी, बोलावू दे की, पोलिसांनाही दोन घास घाल! हिच्यापुढे कुणाचं काय चालणार.

घर छोटंसं, पण देखणं आहे. पांढऱ्या भिंती, पुढे ओटा. बैठकीच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या मी आल्या आल्या समोरासमोर मांडल्या. दोन्ही बाजूंना अगदी अशीच घरं, ओळीने. वसाहतीचं नाव पाम कोर्ट, आणि पाम औषधालाही नाही. होते ते तोडूनच घरं बांधली, असं फाटकावरचा रखवालदार अयारिगा सांगत होता. उत्तरेकडचा उंच, काटकुळा माणूस. मला असा कडक सलाम ठोकला, की मी मागे वळून पाहिलं, कुणी मंत्रीबिंत्री आलाय की काय.

काम सोमवारपासून. घरी बसून, कॉम्प्युटरवर. परदेशातल्या एका कपड्यांच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि गोड गोड उत्तरं टाइप करायची. तिथे माझं नाव एमा. अबेना बिरागो हे नाव म्हणे त्यांच्या जिभेला जड जातं. जाऊ दे. पोटासाठी माणूस काय काय होतो, मी एमा झाले.

खरं सांगायचं तर हे सगळं आईसाठी चाललंय. बाबा गेल्यापासून ती गावी, मांपोंगला एकटी असते. ये म्हटलं की तिचं एकच पालुपद: तुला तिथे ओळखणारं कुणी असलं की मला कळव, मग येते. जिथे पोरीला कुणी ओळखत नाही तिथे म्हातारीला कोण विचारणार? ईस्टरपर्यंत आणते की नाही बघाच!

४ फेब्रुवारी, मंगळवार

शेजाऱ्यांना भेटायला म्हणून केळी तळली, ताटं झाकली आणि निघाले. शेजारच्या मिसेस लॅम्प्टेंच्या दारावर घंटी, घंटीशेजारी जाळी, जाळीतून बाईंचा आवाज. फार आभार मानले आणि ताट रखवालदाराकडे ठेवा म्हणाल्या. पलीकडच्या गृहस्थांना वाटलं मी चर्चची वर्गणी मागायला आलेय. त्यांनी पडदा सारला तो सारलाच. शेवटी ती केळी अयारिगाने आणि मी फाटकाशी उभ्याने खाल्ली. तो म्हणाला, मॅडम, असे शेजारी रोज मिळोत.

फोनवर वसाहतीचा एक ग्रुप आहे. त्यात कचरा आणि कुत्रे यांच्याबद्दल लिहितात. मी लिहिलं, की मी अबेना, नवी आलेय, कधीही या. एकाने अंगठ्याचं चित्र टाकलं. बाकी चिडीचूप.

असो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तर पहिलाच निघता निघेना. होईल हळूहळू.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मला पाहुणी आली! खरी, जिवंत, हाडामासाची!

आठवडाभर मी एमा सोडून कुणी नव्हतेच. तोंड उघडायचं ते जेवायला. काल तर न्हाणीत उभी राहून स्वतःचं नाव मोठ्याने म्हणून पाहिलं, आवाज येतोय ना म्हणून. आणि आज भर दुपारी ओट्यावरून हाक आली, "आगो!" घंटी वगैरे नाही, गावाकडे देतात तशी दाराबाहेरून खणखणीत हाक. मी हातातलं टाकून "आमे! आमे!" अशी ओ देत धावले.

पन्नाशीची बाई असेल. गडद कापड नेसलेली, चपला धुळीने माखलेल्या, हातात पिशवीसुद्धा नाही. मी खुर्चीवर बसवलं, थंड पाणी दिलं. तिने ग्लास रिकामा केला. आपण तळाशी घोटभर ठेवून जमिनीवर सांडतो, गेलेल्यांसाठी, ते तिने केलं नाही. जीभ फिरवून काठसुद्धा पुसून घेतला. तहानलेली असेल बिचारी.

आता इथे मी एक केलं, ते आईला कळलं तर चामडी लोळवेल. पाणी पिऊन झालं की घरच्याने विचारायचं असतं: इथे सगळं क्षेम आहे, वाट तुम्ही चालून आलात, तेव्हा हकिकत तुम्ही सांगा. ती वाट बघत होती, कळत होतं मला. मांडीवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे पाहत बसली होती. पण विचारलं की पाहुणा काम सांगतो. सांगून झालं की उठतो, निघायला वाट मागतो, आणि आपण अर्धी वाट देतो, उरलेल्या अर्धीसाठी परत ये म्हणून. म्हणजे पाच मिनिटांत सगळा कारभार आटोपतो! मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी विचारलंच नाही. आपली बोलत सुटले. मांपोंग, आई, बाबांचं आजारपण, गुडघ्यावरचा व्रण, सगळं. ती ऐकत होती. किती दिवसांनी कुणीतरी माझं ऐकत होतं!

मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात ती गेली. नाव विचारायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ती रोज येते. मी काम करते, ती समोरच्या खुर्चीत बसते. काही मागत नाही. पाणी दिलं की पिते. मी बोलते. लहानपणी आई मला नदीवर नेताना काय गुणगुणायची, आमच्या कुळाची माणसं भेटली की एकमेकांना काय म्हणतात, मी पहिल्यांदा शाळेतून पळाले तेव्हा कुठे लपले होते. विसरलेलंही आठवतंय. कोंतोमिरेची पालेभाजी केली होती ती वाढली, तर तिनेही मी खाते तशीच आधी बोटाने काठावरची चाखली. हसूच आलं.

आईला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बघ, माझ्याकडे माणसं येतात. तिने पहिलं काय विचारलं असेल? कशासाठी आली ती? मी म्हटलं, विचारलं नाही. मग जी सुरू झाली! पाणी दिलंस आणि विचारलं नाहीस? अगं, ही काय रीत झाली? दारातल्या बकरीलासुद्धा माणूस विचारतो, का गं आलीस! काम सांगितल्याशिवाय पाहुण्याला उठता येतं का? न विचारलेला पाहुणा दार विसरतो, आणि मग घरचं माणूस कोण ते घरसुद्धा विसरतं.

आईची म्हण आहे की तिने आत्ताच रचली, देव जाणे. उद्या विचारून टाकते. दोन शब्द तर बोलायचेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. पाणी दिलं आणि हात जोडून, अगदी रीतसर विचारलं, की इथे क्षेम आहे, हकिकत तुम्ही सांगा.

ती हसली. तिचा आवाज मी पहिल्यांदा धड ऐकला तो आज. म्हणाली, ते पहिल्या पाण्याला विचारायचं असतं. आता मी काय पाहुणी आहे?

मग स्वतःहून सांगू लागली, की या वसाहतीत ती घरोघर फिरली. सगळीकडे पाणी मिळालं. थंड, बाटलीतलं, जाळीखालून सरकवलेलं. दारातून आत कुणी घेतलं नाही आणि कशासाठी आलीस हे कुणी विचारलं नाही. आत घेणारी मी पहिलीच. कशासाठी निघाली होती हे आता तिचं तिलाच आठवत नाही. मला हसून म्हणाली, तू बोल, तुझं ऐकायला बरं वाटतं.

मी बोलले नाही. तरी संध्याकाळपर्यंत ती बसून होती. नंतर बघते तर खुर्ची रिकामी. ओट्यावर, कुंपणाशी, फाटकाकडे सगळीकडे पाहिलं. अयारिगाला विचारलं, तर तो शपथ घेऊन म्हणाला, की मॅडम, तुमच्याकडे आजवर एकही माणूस आलेलं नाही.

मग मी रोज कुणासाठी पाणी भरते?

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आले तर दार आतून उघडं. ती माझ्या खुर्चीत. मी तिच्या खुर्चीत बसले, दुसरी होतीच कुठे.

आईला फोन केला. आवाजात लाड. म्हणाली, आता परत कशाला केलास, सकाळीच तर इतकं बोललो. किती वर्षांनी तू नदीवरचं गाणं म्हटलंस, माझे तर डोळेच भरून आले. शहरात जाऊन पोरगी सुधारली म्हणायची! आधी नुसतं हो, नाही, ठेवते आता. आता कशी कुळाच्या लेकीसारखी बोलतेस.

मी सकाळी चर्चमध्ये होते. फोन घरी चार्जिंगला होता.

आईला सांगायला तोंड उघडलं, आणि काय सांगू? की तुला आवडली ती मी नव्हते? ते मला सांगवेना. ठेवून दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज ती कॉम्प्युटरपुढे बसली होती. माझ्याच कामावर. मी ओरडले, खांदा धरून ओढलं. उठली नाही. पडद्यावर भराभर गोड उत्तरं उमटत होती, खाली नाव एमा. दुपारी साहेबांचा निरोप आला, एमा, आज काम फार छान. घ्या! एमा कोणीही होऊ शकतं. तिथे कुणाला काय फरक पडतो.

पण आईला पडेल. आई म्हणजे आई. म्हणून व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं, चेहरा तर बघेल. आई दिसली, चष्मा पुसत होती. मी म्हटलं, आई, नीट बघ, मी आहे ना? ती माझ्याच मागे पाहून हसत होती. मग मला म्हणाली—

लिहवत नाही. लिहिते. म्हणाली, बाजूला हो गं बाई जरा, माझ्या लेकीला दिसू दे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मिसेस लॅम्प्टेंकडे गेले. घंटी दाबली, दाबतच राहिले. म्हटलं, मी अबेना, शेजारची, माझ्या घरात कुणीतरी आहे. जाळीतून आवाज आला, अबेना तर आत्ताच ओट्यावर दिसली, छान हात केला तिने. तुम्ही कोण? मग दाराखालच्या फटीतून पाण्याची बाटली आली. थंड.

मला तहान लागली होती. मी प्यायले. दारातच उभी राहिले, आता विचारतील, आता विचारतील. आत टीव्ही लागला.

फाटकाबाहेर जाऊन आले. नुसतं रस्त्यापर्यंत, तिथे मक्याच्या पिठाचे केंके विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्यातली एक मला मागच्या आठवड्यात जाता-येता थट्टेने म्हणायची, ये गं सुनबाई, माझ्या पोराची बायको होतेस का? आज शेजारणीशी बोलत राहिली. मी समोर उभी. माश्या हाकलत होती, हात माझ्या तोंडापुढून जात होता.

परतले तर अयारिगा आडवा आला. कुणाकडे जायचंय? तो चेष्टा करत नव्हता. घरी फोन लावला त्याने. मग मला म्हणाला, जा, मॅडम म्हणतायत आमचीच पाहुणी आहे. सहानंतर थांबायचं नाही.

सलाम नाही केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आई येतेय. शनिवारी. पहाटेच्या बसने. तिनेच ठरवलं, तिनेच त्या— तिला फोन केला. मी ऐकलं सगळं. आईचा हसण्याचा आवाज फोनमधून बाहेर येत होता. म्हणे, तुला ओळखणारं कुणीतरी झालंय ना तिथे? हिने सांगितलं, हो आई, सगळे ओळखतात. शेजारच्या बाई हात करतात. रखवालदार सलाम करतो.

खोटं नाही बोलली.

माझ्याकडे दोन दिवस आहेत. आईला मी काय सांगू, की तिला पटेल? गुडघ्यावरचा व्रण— सांगून बसलेय. गाणं सांगितलंय. लपायची जागा, बाबांचं शेवटचं बोलणं, कुळाचा शब्द, सगळं माझ्याच तोंडाने दिलंय त्या बाईला. आता मी तेच सांगितलं तर आई म्हणेल, ही कोण सटवी माझ्या लेकीचं चोरून ऐकून आलीय.

न सांगितलेलं काहीतरी हवं. एक तरी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

घर पुसलं तिने. फुफूसाठी कसावा आणला. माझा निळा झगा. तिला बरोबर बसतो.

मी खुर्चीत. उठायला जाते— उठता येतं, चालताही येतं, पण दारापर्यंत गेलं की पुन्हा खुर्चीत असते. आईने सांगितलंच होतं. काम सांगितल्याशिवाय—

तिला म्हटलं, तू विचार. तू तरी विचार मला. पाया पडते. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. म्हणाली, विचारलं असतं गं. पण विचारलं तर तू जाशील. मला करमेल का?

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

"आगो!" आई. आईचाच आवाज. ती माझ्याआधी "आमे" म्हणाली.

मिठी मारली दोघींनी. आई रडतेय. किती वाळलीस गं, म्हणतेय. हिने तिला पाणी दिलं, रीतसर हकिकत विचारली. आई खूष. सांगतेय, बस कशी आली, वाटेत पंक्चर. तळाचं घोटभर पाणी ओट्याच्या कडेला सांडलं. दोघींनी मिळून सांडलं.

मी हाक मारली. आई. आई गं. तिने मान वळवली. ओळखीचं काही नव्हतं डोळ्यांत. नुसतं सौजन्य.

दुपार

आत कुटतायत. धाड धाड. हसतायत.

न सांगितलेलं सापडलं मला! तिला पहिल्या दिवशी का विचारलं नाही ते. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त इथे लिहिलंय. मला फार एकटं वाटत होतं, आई. म्हणून नाही विचारलं. हे आईला सांगितलं तर— हे तर माझंच आहे—

पण ते तिचंही आहे. काल म्हणाली की ती. करमेल का म्हणून.

आईने आतून विचारलं, ती बाहेरची बाई कोण गं? हिने सांगितलं, अशीच येते, बसते. आईचा आवाज चढला. अशीच म्हणजे? कशासाठी आलीय विचारलंस का नाही? मी तुला काय शिकवलं? ती म्हणाली, राहू दे आई. आई म्हणाली, राहू दे काय? माणूस आहे ना ते? सर बाजूला, मी विचारते.

येतेय. हातात ग्लास. आई—

पाणी घ्यायचं नाही. घेतलं तर पाहुणी. सांगितलं तर उठावं लागेल, वाट मागावी लागेल, आणि आई अर्धी वाट देईल. आईच देईल. नाही घेतलं तर—

ग्लास माझ्या ओठाशी धरलाय तिने. पी बाई, म्हणतेय. हात तोच, करंगळी तशीच वाकडी.

प्यायले.

समोर बसली. चष्मा नीट केला. माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, सगळं विचारलं, शब्द न् शब्द. इथे क्षेम आहे, माझ्या बाई. वाट तू चालून आलीस. कुणाची लेक तू, कशासाठी आलीस? सावकाश सांग. मी ऐकतेय.

इतक्या दिवसांनी कुणीतरी

आई, मी